लाल डब्यातला काढा: चिनी लिआंगछा कसा प्यावा आणि काय समजून प्यावा

नाशिकच्या एका ताईंनी विचारलं आहे: मुलगा कामानिमित्त ग्वांगझौला गेला होता, येताना लाल डब्यांचा एक खोका घेऊन आला. 'चिनी औषधी चहा आहे, उष्णतेवर चांगला' असं त्याला तिथल्या सहकाऱ्यांनी सांगितलं. घरी एक डबा फोडला, तर चहासारखं काहीच लागलं नाही, गोड काढ्यासारखं लागलं. हे औषध म्हणायचं की सरबत? मधुमेह असलेल्या सासूबाईंना द्यायचं का? आणि घरी करता येईल का?

ताई, पेयं डब्यात भरण्याच्या कामात माझी सव्वीस वर्षं गेली. त्यातली सात ग्वांगडोंग प्रांतातल्या एका कारखान्यात, जिथे आम्ही नेमका हाच प्रकार भरत होतो. आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या जिभेने बरोबर ओळखलं: तो चहा नाहीच, काढा आहे. डब्यात येईपर्यंत त्याचं औषधपण बरंचसं मागे पडलं आहे आणि तो गोड पेय झाला आहे. सासूबाईंना देऊ नका. घरी त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी करता येईल, पण त्यातल्या सगळ्या वनस्पती घेऊन नाही. आता सविस्तर.

या प्रकाराला चिनी भाषेत लिआंगछा म्हणतात. छा म्हणजे चहा, पण तो आपल्या गवती चहातल्या 'चहा'इतकाच. चहाचं पान त्यात नसतं, त्यामुळे कॅफीनही नाही. लिआंग म्हणजे थंड. इथे बहुतेकांची गल्लत होते, कारण हे थंड म्हणजे बर्फातलं थंड नव्हे. आपण सब्जा थंड, मेथी उष्ण म्हणतो, तसं हे गुणाने थंड. ग्वांगझौ किंवा हाँगकाँगच्या जुन्या दुकानात लिआंगछा गरम नाहीतर कोमट पितात. दुकानात दर्शनी भागात भोपळ्याच्या आकाराची मोठी पितळी भांडी असतात, समोर वाडग्यांत काळपट काढा ओतून ठेवलेला असतो. माणसं कामावरून येता-जाता थांबतात, उभ्या-उभ्या वाडगा संपवतात, पैसे ठेवतात आणि निघतात.

कशासाठी पितात? तिकडे 'शांग ह्वो' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर येतो. शब्दशः अर्थ, अंगात आग चढणं. तोंड आलं, हिरडी सुजली, घसा खवखवतो, चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या, घोळणा फुटला, पोट साफ नाही, जागरणाने डोळे चुरचुरतात, या सगळ्याला ते शांग ह्वो म्हणतात. आपल्याकडे आजी एका शब्दात 'उष्णता झाली' म्हणते, तेच. मी तिथे नवीन असताना भाषा येत नव्हती, पण हे दुखणं मला न समजावताच कळलं. लिचीच्या दिवसांत कारखान्यातल्या बायका मला बजावायच्या, 'एका लिचीत तीन आगी'. ती तिथली म्हणच आहे. आंबे खाण्याआधी पाण्यात घालून ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. फरक एवढाच, की ग्वांगडोंगचे लोक उष्णतेबरोबर दमटपणालाही दोष देतात. वर्षातले कित्येक महिने तिथली हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटते. अंगात ओल आणि आग एकत्र साठते आणि ती कडू काढ्याने निघते, असं त्यांचं म्हणणं.

आता तुमच्या डब्याकडे येऊ. लाल डबा म्हणजे बहुधा वांग लाओजी असावा. हाँगकाँगचे लोक त्याच नावाचा उच्चार वोंग लो कात असा करतात. या नावाचं दुकान १८२८ मध्ये ग्वांगझौत वांग झबांग नावाच्या माणसाने काढलं, अशी नोंद आहे. डब्यामागच्या चिनी यादीत पाणी आणि साखरेनंतर सात वनस्पती दिसतील. ती यादी एकदा कोणाकडून वाचून घ्या, कारण त्यातली निम्मी मंडळी आपल्या ओळखीची निघतात. शेवंतीची फुलं. ज्येष्ठमध. चाफा, आपल्या देवळाच्या आवारातला पांढरा-पिवळा. चिनी लोक त्याला अंडंफूल म्हणतात, कारण पांढऱ्यात पिवळा बलक दिसतो. हनीसकलच्या कळ्या, या वेलीची फुलं पांढरी उमलतात आणि पिवळी होत जातात, म्हणून तिथलं नाव सोनं-चांदीचं फूल. शियाखूछाओ, म्हणजे उन्हाळ्यात सुकणारी वनस्पती. शास्त्रीय नाव प्रुनेला, ती आपल्या हिमालयातही उगवते. बुझाये हे फालशाच्या जवळच्या नात्यातल्या एका झाडाचं पान, आणि ते झाड पश्चिम घाटात आहे. सातवी शियानछाओ, तुळशीच्या कुळातली. हिचाच काढा आटवून पूर्व आशियात काळी जेली करतात. डब्यातल्या पेयाचा तपकिरी रंग बराचसा हिचा.

एवढं सगळं असूनही चव गोड का? कारण दुकानातल्या वाडग्यात आणि डब्यात मोठं अंतर आहे. हाँगकाँगला गेलात तर 'या सेई मेई' मागून बघा. अर्थ चोवीस चवींचा. वनस्पती मोजून चोवीस असतातच असं नाही. पहिला घोट घेतला की काडेचिराईत आठवतो. जीभ आक्रसते, कडूपणा घशाच्या मागे जाऊन बसतो आणि बराच वेळ हलत नाही. ज्यांना तो सोसत नाही ते पाच फुलांचा गोडसर काढा घेतात, किंवा ऊस आणि गवताची मुळं उकळलेलं पाणी. डबाबंद लिआंगछा त्या गोड बाजूचा वारस आहे.

तो तसा का झाला यामागे धंद्याची एक गोष्ट आहे, आणि ती कळल्याशिवाय डबा कळत नाही. लाल डबा १९९०च्या दशकाच्या मध्यात आला. नाव ग्वांगझौच्या सरकारी औषध कंपनीचं, आणि ते भाडेकराराने घेऊन डबा काढणारी कंपनी हाँगकाँगच्या एका समूहाची. सुरुवातीची काही वर्षं तो दक्षिणेतच विकला गेला. उत्तरेकडच्या माणसाला काढा म्हटलं की आजारपण आठवायचं, आणि बरा माणूस काढा का पिईल? मग २००३ मध्ये जाहिरात आली, 'पा शांग ह्वो, ह वांग लाओजी'. उष्णता वाढेल अशी धास्ती वाटते? मग वांग लाओजी प्या. यात बारकाईने बघा, उष्णता झाल्यावर प्या असं म्हटलेलं नाही, होईल असं वाटलं तर प्या असं म्हटलं आहे. एवढ्या फरकाने काढा दवाखान्यातून उठला आणि जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. सिचुआनी पद्धतीचं झणझणीत हॉटपॉट त्या काळात चीनभर पसरत होतं. टेबलाच्या मध्यावर लाल तिखट रस्सा उकळतोय आणि प्रत्येकाच्या ताटाशेजारी एक लाल डबा, हे चित्र मी पुढे शेकडो वेळा पाहिलं. पोराबाळांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी जेवताना प्यायचं म्हटल्यावर ते कडू ठेवून चालणार नव्हतं.

पुढे त्या दोन कंपन्यांत नावावरून आणि लाल रंगावरून मोठी भांडणं झाली. २०१२ मध्ये लवादाने नाव मूळ मालकाकडे परत दिलं. डबेवाल्या कंपनीने ज्याडुओबाओ या स्वतःच्या नावाने पेय सुरू ठेवलं. २०१७ मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने लाल डब्याची सजावट दोघांनाही वापरायची मुभा दिली. म्हणून दुकानात दोन लाल डबे शेजारी-शेजारी दिसले तर एक खरा आणि एक खोटा असं समजू नका.

आता माझा प्रांत, म्हणजे डबा. हा भाग मी थोडा लांबवणार आहे, कारण तुमच्या 'औषध की सरबत' या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

घरात चुंबक असेल तर रिकाम्या डब्याला लावून बघा. या पेयाचा नेहमीचा लाल डबा पत्र्याचा, म्हणजे पोलादाचा असतो, तिथे चुंबक चिकटेल. कोल्ड्रिंकच्या ॲल्युमिनियमच्या डब्याला चिकटणार नाही. कोल्ड्रिंकच्या पातळ डब्याला आतला वायू फुगवून ताठ ठेवतो. लिआंगछात वायू नाही. तो गरम भरतात, झाकण लावतात, आणि थंड झाल्यावर आत थोडी पोकळी तयार होते. पातळ ॲल्युमिनियम त्या पोकळीने चेपलं असतं, म्हणून जाड पत्रा. डबा फोडताना तुम्हाला बुडबुड्यांचा फस्स आवाज आला नसेल. हवा आत ओढली जाण्याचा बारीकसा 'च्क' असा आवाज येतो. डब्याचं झाकण किंचित आत दबलेलं असणं ही चांगली खूण. झाकण फुगलेलं दिसलं तर चव बघायच्या फंदात न पडता तो डबा टाकून द्या.

पोलाद का, याच्यापेक्षा उकळी किती हे जास्त महत्त्वाचं. आपलं कोकम सरबत किंवा कैरीचं पन्हं आंबट असतं. आंबट पेयात घातक जंतू वाढत नाहीत, त्यामुळे ते तुलनेने थोड्या उष्णतेवर टिकाऊ करता येतं. लिआंगछा आंबट नाही. आमच्या धंद्यात सामू ४.६ ही लक्ष्मणरेषा. सामू म्हणजे आंबटपणाचं माप (pH), आणि तो जितका जास्त तितकं पेय कमी आंबट. त्याच्या वरच्या पेयात, हवा नसलेल्या बंद डब्यात, बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात. त्यांचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत. म्हणून भरलेले डबे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या टाकीत घालून १२१ अंशांच्या आसपास शिजवावे लागतात.

यात मी एकदा चांगलाच पोळलो आहे. दक्षिण चीनमध्ये हिवाळा सरताना दमट हवेचे दिवस येतात. भिंतींना घाम फुटतो, फरशीवर पाणी साठतं, कपडे वाळत नाहीत. अशा एका मोसमात आमच्या गोदामातल्या वाळलेल्या पानांच्या पोत्यांना ओल लागली. वरून बघून काही कळत नव्हतं, पोत्यात हात घातला की पानं कुरकुरण्याऐवजी मऊ लागत होती. पर्यवेक्षकाने ती चालवून घेतली, आणि मीही सही केली. वनस्पती मातीतून येतात, त्यांच्यावर बीजाणू असतातच. ओलीने ते वाढले. प्रत्येक खेपेतले काही डबे आम्ही ३७ आणि ५५ अंशांच्या कपाटात ठेवून तपासायचो. दहाव्या दिवशी ५५ अंशांच्या कपाटातले डबे काढले. एकही फुगलेला नाही, झाकणं सपाट. फोडल्यावर वास आला तो नासलेल्या डाळीच्या पाण्याचा. उष्णता सोसणाऱ्या एका जातीने वायू न करता पेय आंबवलं होतं. हे जंतू घातक नसतात, पण अख्खी खेप फेकावी लागली. त्या दिवसापासून मी कुठलीही वाळकी वनस्पती हातात चुरून बघितल्याशिवाय पुढे जाऊ दिली नाही. तुम्ही बाजारातून शेवंतीची वाळलेली फुलं आणलीत तर हेच करा. बोटांत चुरली पाहिजेत, नुसती दबता कामा नयेत.

तर १२१ अंशांची ही शिजवणूक पेय सुरक्षित करते आणि सुगंध मारते. शेवंती आणि हनीसकलचा जो हलका, फुलांचा वास ताज्या काढ्यात वाफेबरोबर नाकात येतो, तो डब्यात फारसा उरत नाही. उरतं ते टिकाऊ: ज्येष्ठमधाचा गोडवा, शियानछाओचा मातकट-गवतासारखा स्वाद, आणि साखर इतकी तापल्याने आलेला काळ्या गुळासारखा वास. तुम्हाला 'गोड काढा' वाटलं ते यामुळे.

म्हणून तो प्यायची पद्धत सांगतो. एक डबा चांगला गार करा, एक बाहेरच ठेवा. दोन पेल्यांत थोडं-थोडं ओता. आधी बाहेरच्या डब्यातला घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळल्यावर काही क्षण थांबा. जिभेच्या मुळाशी एक रेंगाळणारा गोडवा येईल, साखरेचा विरल्यावरही राहणारा. तो ज्येष्ठमध. त्याच्या मागे किंचित कडसर, तुरट असं काही जाणवलं तर ती उरलेली पानं आणि फुलं. मग गार डब्यातला घोट. गोडपणा कमी वाटेल, वासही दबेल, पण घशाला बरं वाटेल. नुसतं गार प्यायलात तर हे पेय एक गोड पाणी आहे असं तुमचं मत होईल, आणि ते थोडं अन्यायाचं ठरेल.

यानंतर ते जेवणाबरोबर घ्या. तुम्ही नाशिकच्या आहात, मिसळ आणा. मिरचीने तोंड पेटलेलं असताना फेसाळ कोल्ड्रिंकचे बुडबुडे आणखी झोंबतात. इथे बुडबुडे नाहीत, साखर तिखटाची धार बोथट करते, आणि ज्येष्ठमधाचा बुळबुळीतपणा घशाला लेप दिल्यासारखा वाटतो. या पेयाचं खरं स्थान तिखट-तळलेल्याच्या शेजारी आहे, हे त्या जाहिरातवाल्यांनी अचूक हेरलं होतं. माझ्या घरी आजही कोणी आणून दिला तर मी त्याच वेळी फोडतो.

औषध म्हणून मात्र नाही. तुमच्या डब्यावर १०० मिलीला किती कार्बोहायड्रेट लिहिलं आहे ते बघा, साधारण ९ ग्रॅमच्या आसपास असेल. डबा ३१० मिलीचा. म्हणजे एका डब्यात जवळपास २८ ग्रॅम साखर, सपाट सात चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, ती मर्यादा एका डब्यात ओलांडली. नेहमीच्या कोलापेक्षा फार कमी नाही. सासूबाईंना देऊ नका म्हटलं ते यासाठी. 'वनस्पतींचं आहे, थोडं चालेल' असं घरात कोणीतरी म्हणेल, त्या वेळी हे सात चमचे ताटलीत काढून समोर ठेवा. बिनसाखरेचे डबेही मिळतात, पण तुमच्या खोक्यात ते आहेत का हे लेबल वाचूनच ठरवा, रंगावरून नाही.

२०१७ मध्ये त्या औषध कंपनीच्या अध्यक्षांनी एका परिषदेत, हे पेय प्यायल्याने आयुष्य सुमारे १० टक्क्यांनी वाढू शकतं असं सांगितलं होतं. आधार होता उंदरांवरच्या प्रयोगाचा. चीनमधल्या लोकांनीच त्यावर टीकेची झोड उठवली. माणसांवर असं काही सिद्ध झालेलं नाही. डबा चीनमध्येही पेय म्हणूनच विकला जातो. प्रुनेला अन्नात घालणं मान्य आहे का यावरून २००९ मध्ये तिथे वाद झाला होता, आणि त्यानंतर आरोग्य मंत्रालयाने लिआंगछासाठी तिला रीतसर परवानगी दिली.

आणखी दोघांना सावध करतो. ज्येष्ठमध जास्त प्रमाणात आणि रोज घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. एका डब्यात तो थोडाच असतो, पण रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी रोजची सवय लावून घेऊ नये. दुसरं, गाजरगवताने अंगावर पुरळ उठणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत. शेवंती त्याच कुळातली. ज्यांना ती ॲलर्जी आहे त्यांनी शेवंतीचं कुठलंही पेय टाळलेलं बरं. आणि मुलगा पुन्हा तिकडे जाणार असेल तर त्याला सांगा, रस्त्यावरच्या कुठल्याही दुकानात 'सर्दीसाठी खास' असा काढा घेऊ नये. ग्वांगडोंगमध्ये काही दुकानांच्या काढ्यात पॅरासिटॅमॉल आणि सर्दीच्या गोळ्यांचं औषध मिसळलेलं सापडलं होतं. जुनं, गर्दीचं दुकान बघावं आणि साधा काढा मागावा. ग्वांगडोंग, हाँगकाँग आणि मकाऊ यांच्या या परंपरेला २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारशाच्या यादीत जागा मिळाली, ती त्या वाडग्यांसाठी.

घरी करायचं तर शेवंती आणि ज्येष्ठमध एवढ्यावर थांबा. चाफ्याची फुलं अंगणातून तोडून घालू नका. चाफ्याचा चीक त्वचेला आणि पोटाला त्रास देतो, आणि कारखान्यात येणारी फुलं त्याच कामासाठी वेचून वाळवलेली असतात. शेवंतीही फुलबाजारातली नको, तिच्यावर फवारणी झालेली असते. खाण्यासाठी म्हणून विकली जाणारी वाळकी फुलं घ्या. चार पेले पाणी उकळून गॅस बंद करा, मूठभर फुलं आणि ज्येष्ठमधाची बोटभर काडी ठेचून घाला, झाकण ठेवून दहा मिनिटं थांबा आणि गाळा. झाकण नक्की ठेवा, नाहीतर डब्यात हरवलेला वास घरीही हरवेल. खडीसाखर चवीपुरती. सिंगापूरला राहणारे आपले लोक जे शेवंतीचं पेय सर्रास पितात, ते याच्याच जवळचं. सासूबाईंसाठी यात साखर घालू नका, ज्येष्ठमधाची काडीही अर्धीच घाला, आणि त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घालून मगच आठवड्यातून एखाद वेळा द्या. हा काढा त्याच दिवशी संपवा. बाटलीत भरून फ्रिजबाहेर ठेवू नका, कारण तो आंबट नाही आणि तुमच्याकडे १२१ अंशांची टाकी नाही.

उरलेले डबे ओट्यापासून लांब, कोरड्या जागी ठेवा. एकदा डबा फोडला की पेय काचेच्या भांड्यात ओतून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. डबा तिघांत वाटून घेतलात तर ते सात चमचेही तिघांत वाटले जातील.